अर्ध्या टक्क्याचा वाद आणि एका प्रजासत्ताकाचा अंत

जर्मनीतील वायमार प्रजासत्ताक का कोसळले, असे विचारले की आपल्या मुलांचे उत्तर ठरलेले असते : व्हर्सायचा तह, चलनवाढ, मंदी आणि हिटलर. परीक्षेत एवढ्यावर गुणही मिळतात. तरीही आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. ते वाचून सारे जणू विधिलिखितच होते असा समज होतो. तसे ते नव्हते.

ऑगस्ट १९१९ मध्ये हे संविधान अमलात आले. वीस वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांना मताधिकार मिळाला. मार्च १९२० मध्ये बंडखोर सैनिकांनी बर्लिन ताब्यात घेतले, तेव्हा कामगारांनी देशभर संप पुकारून ते बंड काही दिवसांत मोडून काढले. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला तब्बल ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. त्याही संकटातून प्रजासत्ताक सावरले. मे १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला अवघ्या १२ जागा मिळाल्या होत्या.

मग घसरण कोठे सुरू झाली? मार्च १९३० मध्ये हेर्मान म्युलर यांचे पाच पक्षांचे सरकार पडले. निमित्त होते बेकारी विम्याच्या वर्गणीचे. ती साडेतीन टक्क्यांवरून चार टक्के करावी की नाही, यावर मालकांची बाजू घेणारे आणि कामगारांची बाजू घेणारे एकमत करू शकले नाहीत. प्रत्येकाला आपला मतदार सांभाळायचा होता. संसदेत बहुमत असलेले वायमारचे ते शेवटचे सरकार ठरले.

त्यानंतर अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी संविधानाच्या ४८ व्या कलमाखाली वटहुकूम काढून कारभार चालवला. संसदेने वटहुकूम फेटाळला, तेव्हा त्यांनी संसदच बरखास्त केली. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत १२ जागांच्या १०७ झाल्या. १९३० साली संसद ९४ दिवस बसली होती, १९३२ साली फक्त १३ दिवस. बेकारांची संख्या तोवर ६० लाखांवर गेली होती. लोकांना संसद निरुपयोगी वाटू लागली, यात नवल ते काय?

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चान्सलर झाला. त्याच्या पक्षाला कोणत्याही मुक्त निवडणुकीत बहुमत मिळाले नव्हते. २३ मार्च रोजी संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले अधिकार त्याच्या सरकारच्या स्वाधीन केले. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिले नव्हते. विरोधात मत दिले ते केवळ समाजवादी लोकशाही पक्षाने.

पुढे पश्चिम जर्मनीने १९४९ च्या संविधानात यातून धडा घेतला. नवा चान्सलर निवडल्याशिवाय संसदेला जुन्याला हटवता येत नाही. सरकार पाडणाऱ्यांनी पर्यायही द्यावा, असा त्याचा सरळ अर्थ. त्याच वर्षी आपल्या संविधान सभेत आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा झाली, तेव्हा ह. वि. कामत यांनी वायमारच्या अनुभवाचा दाखला देऊन सावध केले होते. १९७५ साली आपल्याला त्या इशाऱ्याचे मोल कळले.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती आहे की, फळ्यावर चार कारणे लिहिताना शेजारी ९४ आणि १३ हे आकडेही लिहावेत. मार्च १९३० मध्ये तुम्ही त्या बैठकीत असता तर काय केले असते, असे मुलांना विचारावे. आणि पालक व विश्वस्त हो, आपल्या सभांत एखाद्या लहानशा मुद्द्यावर उठून जावेसे वाटेल, तेव्हा हा अर्धा टक्का आपणही आठवावा. तडजोडीत दोघांनाही थोडे सोडावे लागते. बैठक सोडली, तर निर्णय तिसऱ्याच्याच हाती जातो.