अश्रू पुरे, आता लहान नौका मागा!

(मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील नागरिकांसाठी पत्रक)



नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात गॅस-कटर पेटले आणि ‘विक्रांत’ मोडायला घेतली. १९७१ च्या युद्धात जिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार हादरवले, ती देशाची पहिली विमानवाहू नौका ६० कोटींच्या बोलीवर भंगारात गेली. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे मोटारसायकलींत उतरला. त्यानंतर पाळी दुसऱ्या विमानवाहू नौकेची, ‘विराट’ची. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करण्यासाठी ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. दोन वर्षांच्या आत तीच ‘विराट’ मुंबईहून ओढत गुजरातमधल्या अलंगला तोडायला नेली गेली, अवघ्या साडेअडतीस कोटींत.

दोन्ही वेळा आपण हळहळलो, फोटो फिरवले, सरकारला शिव्या घातल्या. काही मोजकी माणसं कोर्टाची पायरी चढली, त्यांना आमचा सलाम. पण कडू वाटलं तरी बोलतो. ‘विक्रांत’ २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. त्या अकरा वर्षांत कुणा सामान्य मुंबईकराला वायर ब्रश घेऊन तिच्या डेकवर बसलेलं तुम्ही पाहिलंत? आम्ही तरी नाही पाहिलं. सरकारने बोलावलं नाही, आणि आम्हाला येऊ द्या म्हणून आपणही हटून बसलो नाही. २०१२ मध्ये ती धोकादायक झाली म्हणून दारं बंद झाली. दुरुस्तीचा खर्च तोवर कुणालाच पेलणार नाही इतका वाढला होता.

जहाज लिलावात मरत नाही. त्याच्या कितीतरी वर्षं आधी ते गंजाने मरतं.

आमच्यापैकी काहींनी उमेदीची पंधरा वर्षं जहाजांवर काढली आहेत, म्हणून सांगतो. रंगाला आधी एक बारीक फोड येते. चिपिंगच्या हातोडीने तिथे ठोका. पत्रा चांगला असेल तर खणखणीत वाजतो, कुजला असेल तर भद्द आवाज येतो. फोड फोडली की आतून इराण्याच्या खारीसारखे पापुद्रे सुटतात. ते उजळ लोखंड लागेपर्यंत खरवडायचे, पुसायचे आणि त्याच दिवशी प्रायमर मारायचा. काम उद्यावर टाकलं तर खाऱ्या हवेने पत्रा सकाळपर्यंत पुन्हा तांबूस झालेला असतो. एका माणसाच्या रविवारभराच्या कामात पाटाएवढा तुकडा होतो. पुढच्या रविवारी शेजारचा. जहाज जपणं म्हणजे बहुतांशी एवढंच, आणि ते कधीच संपत नाही.

हे जगात कुणी करतं का? अमेरिकेत ऑल्बनी शहरात हडसन नदीवर ‘स्लेटर’ नावाची युद्धनौका उभी आहे. दुसऱ्या महायुद्धातली, लांबी जेमतेम ९३ मीटर. पुढे ती ग्रीसच्या नौदलात गेली. तिथून निवृत्त झाल्यावर अशाच नौकांवर नोकरी केलेल्या म्हाताऱ्या खलाशांनी पैसे जमवले आणि १९९३ मध्ये तिला ओढत घरी आणलं. तिचा गाडा स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. बाहेरगावची माणसं येतात, आठवडाभर जहाजावरच झोपतात, गंज खरवडतात, रंग देतात.

इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही पाण्यावर तरंगते आहे. १८१७ साली ती बांधली कुठे? आपल्या मुंबईत! मलबारी सागवान, जहाजं बांधणाऱ्या वाडियांची कारागिरी. जहाजबांधणीचा धंदा बसलेल्या त्या गावाने दशकभर खपून तिला पुन्हा उभं केलं. मुंबईचं दोनशे वर्षांचं लाकूड त्यांनी जपलं. आपण मुंबईतच पोलाद कापून विकलं.

‘विक्रांत’ २१३ मीटर लांब होती. तसं धूड पेलायची आज आपली ऐपत नाही, हे कबूल करू. पण नौका मोठीच कशाला हवी? ४ डिसेंबरचा नौदल दिन आपण कुणामुळे साजरा करतो? ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौकांमुळे. कराचीवर चालून गेलेल्या त्या नौका चाळीस मीटरच्याही नव्हत्या. त्याच जातकुळीतली ‘चपळ’ कारवारच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. ‘कुरसुरा’ ही अख्खी पाणबुडी विशाखापट्टणमच्या वाळूवर २००२ पासून लोक आत शिरून पाहतात. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी ‘टी-८०’ ही नौका आली आहे, तिचंही भलं होवो. पण नुसतं आणून उभं केलं, फीत कापली की काम झालं असं समजू नका. पहिल्या पावसाळ्यानंतर हातोडी कोण धरणार, हा खरा प्रश्न आहे.

हात आपल्याकडे नाहीत असं कोण म्हणतं? रविवारी पहाटेची एसटी पकडून गडावर जाणारी पोरं पाहा. टाकी उपसतात, दरीत पडलेल्या तोफा दोरखंडाने वर ओढतात, जेवणाचा डबाही घरून नेतात. माजी नौसैनिक साताऱ्या-कोल्हापूरपासून रत्नागिरीपर्यंत गावोगावी आहेत. गोदीतले निवृत्त फिटर, वेल्डर घरी बसून आहेत. आयटीआयची मुलं काम शिकायला जागा शोधत आहेत. त्यांना एक जहाज द्या.

कुणी म्हणेल, आधी शाळा आणि दवाखाने. अगदी बरोबर. म्हणूनच आम्ही ८५२ कोटी मागत नाही. आमच्या मागण्या चारच आहेत :

१. यापुढे निवृत्त होणारी एक लहान नौका महाराष्ट्रासाठी राखून ठेवा. ती कुठे उभी राहणार, हे ती निवृत्त होण्याआधी ठरवा.

२. ताबा घेण्यापूर्वी देखभालीचा निधी बँकेत वेगळा ठेवा. नौका पाण्यात राहणार असेल तर ड्राय डॉकचा खर्चही त्यात धरा. तिकिटाचा पैसा जहाजाबाहेर जाता कामा नये.

३. स्वयंसेवकांचा हक्क करारात लिहा : दर रविवारी काम, विमा, सुरक्षेचं प्रशिक्षण आणि वर माजी नौसैनिकाची देखरेख. स्वयंसेवक म्हणजे फुकटचा मजूर नव्हे. वेल्डिंग, वीज आणि पाण्याखालच्या पत्र्याची कामं पगारी कारागिरांनीच करावीत.

४. दरवर्षी पत्र्याची जाडी मोजा आणि तो आकडा खर्चाच्या हिशेबासोबत जहाजाच्या शिडीपाशी लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा.

सरकारकडे मागायचं ते मागितलं. आता तुमच्याकडे. येत्या ४ डिसेंबरला तिरंग्याचं स्टेटस जरूर ठेवा. पण त्याआधी आपल्या चाळीत, सोसायटीत, मंडळात विचारा : महिन्यातला एक रविवार कोण देणार? नाव आणि हातातलं कसब, दोन्ही लिहून घ्या. ज्याला काहीच येत नाही त्याचंही नाव घ्या, हातोडी धरायला आम्ही शिकवू. अशा याद्या गावोगावच्या निघाल्या की त्या घेऊन मंत्रालयात जाऊ. पुढच्या नौकेचा लिलाव पुकारला जाण्याआधी त्या तयार हव्यात.

आपले,
काही माजी नौसैनिक, गोदी कामगार आणि गडांवर श्रमदान करणारे

(वाचून झाल्यावर हे पत्रक फेकू नका, शेजाऱ्याला द्या.)