घर गावात, मुक्काम शाळेत

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला. देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिलाच दिवस. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावागावांत नेहमीप्रमाणे गुढ्या उभ्या राहिल्या. आणि त्याच सुमारास अनेक गावांच्या वेशींवर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या पडल्या. कुठे बैलगाडी आडवी लावली गेली, कुठे मुरुमाचा ढीग टाकला गेला, तर कुठे जेसीबीने रस्ताच खणून ठेवला गेला. 'बाहेरच्यांना गावात प्रवेश नाही' अशा पाट्या लागल्या. हे 'बाहेरचे' कोण होते? पुण्याच्या हडपसर-भोसरीतून, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून, मुंबईच्या चाळींतून परतणारी गावाचीच मुले, सुना आणि नातवंडे. त्यांची नावे गावच्या मतदारयादीत होती, शिधापत्रिका गावच्या दुकानाशी जोडलेली होती, आणि घराच्या किल्ल्या त्यांच्या खिशात होत्या. अडीचशे किलोमीटरचे अंतर तोडून, कोणी दुचाकीवर, कोणी भाजीच्या टेम्पोत लपून, कोणी चक्क पायी वेशीपर्यंत आले, आणि स्वतःच्या घरापासून पाचशे पावलांवर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस मुक्कामाला राहिले.

या प्रसंगाकडे गावकऱ्यांचा आडमुठेपणा म्हणून पाहणे सोपे आहे. शहरातील वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी बहुतांशी तसेच पाहिले. पण वेशीवरची बाभूळ मार्च २०२० मध्ये पडली असली, तरी गाव आणि गावाबाहेर गेलेला माणूस यांच्यातील अंतर त्याच्या कितीतरी आधी पडलेले होते.

१९७२ च्या दुष्काळाने या भागातील माणूस मोठ्या संख्येने बाहेर काढला. पुढे २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांनी उरलासुरला धीर खचवला. केंद्र शासनाने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे होते, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीम यांच्या पंक्तीला उस्मानाबाद बसला. तरुण माणूस शहरात गेला, तिथेच त्याने संसार थाटला आणि गावच्या घराला कुलूप लागले. हे कुलूप वर्षातून तीन-चार वेळा उघडे. चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा, लग्नसराई, नवरात्रात तुळजापूर आणि मार्गशीर्षातील वेळ अमावस्या. शेतात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा करायची, भज्जी, आंबील आणि उंडे यांचे पोटभर वनभोजन घ्यायचे, मुलांचे फोटो काढायचे आणि सायंकाळी गाडी पुण्याच्या रस्त्याला लावायची. श्रीमंत देशांतील माणसे समुद्रकिनारी किंवा डोंगरात सुट्टीसाठी दुसरे घर बांधतात. येथे वाडवडिलांचे पहिले घरच केव्हा सुट्टीचे घर होऊन बसले, हे त्या घराच्या मालकालाही कळले नाही.

लोहारा आणि उमरगा तालुक्यांत हे चित्र अधिक ठळक दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी यांसारखी गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे छत झोपेतल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या प्रमाणात अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे, सरळ रेषेतील रुंद रस्ते, आणि जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरलेली वसाहत. त्या वेळी साऱ्या महाराष्ट्रातून, देशातून, परदेशातून माणसे मदतीला धावली. त्यांना कोणी 'तू कुठला' असे विचारले नाही. ढिगारे उपसणाऱ्या अनोळखी हातांत आपल्या माणसांची प्रेते सोपवणारी ही गावे. ज्ञान प्रबोधिनीचे हराळीचे काम उभे राहिले ते याच काळातील ऋणानुबंधातून. त्या गावांतील पुढच्या पिढीचे तरुण पुण्यात गेले आणि पुनर्वसनाची कितीतरी घरे वर्षातले अकरा महिने बंद राहू लागली. एका पिढीपूर्वी परक्यांना मिठी मारणाऱ्या गावाने आपल्याच माणसाला वेशीवर का थांबवले, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

जगात अन्यत्रही हेच घडत होते, इतकाच दिलासा. पॅरिस महानगरातील सुमारे सतरा टक्के रहिवासी मार्चच्या एका आठवड्यात शहर सोडून गेले, त्यातले बरेच गावाकडच्या घरांकडे, असे भ्रमणध्वनी कंपनीच्या नोंदींवरून दिसले आणि किनाऱ्यावरच्या गावांनी कपाळाला आठ्या घातल्या. नॉर्वेने तर आपल्या नगरपालिका हद्दीबाहेरच्या सुट्टीच्या घरात मुक्काम करण्यावर सरळ बंदी घातली. कारण साधे होते, डोंगरातल्या छोट्या दवाखान्याला तेवढे रुग्ण पेलणार नव्हते. ही बंदी २० एप्रिलला उठली. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना स्वतःच्या दुसऱ्या घरी जाऊन आल्याबद्दल पद सोडावे लागले. गोव्यात हरमल-मोरजीच्या किनाऱ्यांवर हंगामासाठी आलेले विदेशी अडकले आणि त्यांना नेण्यासाठी दाबोळीवर खास विमाने उतरली. आणि आपल्या महाराष्ट्रात? राज्यात जिल्ह्यांच्या सीमा बंद असताना, ८ एप्रिलला वाधवान कुटुंबातील आणि त्यांच्यासोबतची २३ माणसे पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरच्या बंगल्यात पोहोचली. गृह विभागाच्या प्रधान सचिवांचे पत्र त्यांच्याजवळ होते. गवगवा झाल्यावर त्या अधिकाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. भाजीच्या टेम्पोत लपून भूम-परांड्याकडे निघालेल्या तरुणाजवळ असे पत्र नव्हते.

गावाच्या भीतीला आधार होता, हेही स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. मागे उरलेल्या गावात म्हातारी माणसे अधिक. प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आठ, कुठे पंधरा किलोमीटरवर. तिथे प्राणवायूची सोय नाही. सोलापूर तर शेजारीच. ३० एप्रिलच्या केंद्राच्या वर्गवारीत सोलापूर लाल, लातूर नारिंगी आणि उस्मानाबाद हिरवा होता. राज्यातील केवळ सहा जिल्हे त्या दिवशी हिरव्या यादीत होते. एप्रिलच्या आरंभी उमरगा-लोहारा भागात आढळलेले मोजके रुग्ण बरे झाले होते. हे हिरवेपण टिकवण्याची जबाबदारी शासनाने सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि आशा कार्यकर्ती यांच्या खांद्यावर टाकली. मुंबई-पुण्यातील संसर्गाचे आकडे रोज दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या गावाने तिकडून येणाऱ्या दुचाकीकडे संशयाने पाहिले, यात नवल ते काय? मे महिन्यात प्रवासाची परवानगी मिळाल्यावर जिल्ह्यात रुग्ण वाढले, तेही बाहेरून आलेल्यांच्या मागोमागच.

चौदा दिवस वेगळे राहायला सांगण्यात काहीच गैर नव्हते. गैर होते ते हे, की कुठे राहायचे याचा निर्णय आजाराच्या विचारापेक्षा माणसाच्या वजनावर होऊ लागला. स्वतंत्र, बंद, शौचालय असलेले घर रिकामे असताना त्याच घराच्या मालकाला पंधरा-वीस जणांसोबत शाळेच्या दोन खोल्यांत आणि एका शौचालयात ठेवणे हे आरोग्यशास्त्राच्या कोणत्या नियमात बसते? बंद घर हे विलगीकरणासाठी शाळेपेक्षा शतपटीने चांगले होते. ज्याचा शेतात बंगला, त्याला शेतात राहण्याची मुभा मिळे. ज्याचा भाऊ पंचायतीत, तो रात्रीतून घरी जाई. आणि ज्याचे घर गावकुसाबाहेर, तो चौदा दिवस संपल्यावरही आणखी आठ दिवस शाळेत थांबे. शाळेच्या कुंपणावरून भाकरीचे फडके आत देणारी आई आणि लांबून हात हलवणारा मुलगा हे दृश्य गावोगाव दिसले. ते करुण होतेच. पण आपल्या माणसांची वाटणी आपण कोणत्या मापाने करतो, हेही त्याने उघड केले.

ऊसतोड कामगारांचे तर वेगळेच. भूम, परांडा, वाशी, कळंब या तालुक्यांतील कुटुंबे दर वर्षी दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोयता घेऊन जातात. टाळेबंदीत ती फडातच अडकली. १७ एप्रिलला शासनाने राज्यातील कारखान्यांवरील सुमारे १ लाख ३१ हजार कामगारांना गावी जाण्याची परवानगी दिली. बैल, कोयते, लेकरे घेऊन ट्रॅक्टर गावाजवळ आले आणि वेशीबाहेरच्या माळावर थांबले. फडातल्या खोपटातून माळावरच्या खोपटात, एवढाच काय तो बदल.

आणि ज्यांना ना पहिले घर, ना दुसरे? 'घरातच थांबा' हा संदेश ज्या दिवशी साऱ्या देशाला दिला गेला, त्या दिवशी पारधी, डवरी, मसणजोगी यांच्या पालांत तो कोणाला उद्देशून होता? तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीच्या निवासी शाळेत शिकणाऱ्या भटक्या-विमुक्तांच्या मुलांनाही, सर्व निवासी शाळा बंद झाल्यावर, पालांकडेच परतावे लागले. तुळजाभवानीचे मंदिर मार्चच्या मध्यात बंद झाले ते १६ नोव्हेंबरला उघडले. मंदिराच्या वाटेवर पोट असणाऱ्या फुलवाल्यांची, आराध्यांची, परडी घेऊन फिरणाऱ्यांची चूल त्या आठ महिन्यांत कशी पेटली असेल, याची नोंद कोणत्याही समितीच्या अहवालात शोधून सापडणार नाही.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला. शाळेतून घरी गेलेल्या तरुणांनी, आता इथेच राहायचे, अशा उमेदीने सोयाबीन पेरले. त्या वर्षी मराठवाड्यात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. दुबार पेरणी झाली. पीक हाताशी आले तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यावर अतिवृष्टीने शेते वाहून गेली. सत्ताधारी आणि विरोधी पक्षांचे नेते तुळजापूर-उमरग्याच्या बांधांवर येऊन गेले. दिवाळीच्या आसपास पुण्याच्या कारखान्यांतून पुन्हा बोलावणे आले आणि बहुतेक तरुण निघाले. गावाने त्यांना ठेवून घेण्यासाठी काही केले नाही, आणि त्यांनीही राहण्याचा फार हट्ट धरला नाही. कुलूप पुन्हा लागले.

यानंतर जे घडले ते विसरता कामा नये. राज्यातील १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या, मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी. वेळ अमावस्या त्याच्या दोन-तीन दिवस आधीच आली. योगायोग मोठा सोयीचा होता. एप्रिलमध्ये ज्या गावांच्या वेशीवर बाभूळ होती, त्याच गावांच्या पॅनेलप्रमुखांनी मतदार आणण्यासाठी पुण्याला गाड्या पाठवल्या. डिझेल, जेवण, येण्याजाण्याची सोय, सारे काही. महामारी तेव्हा संपलेली नव्हती. लसीकरण तर १६ जानेवारीला, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाले. कोणालाही शाळेत राहायला सांगितले गेले नाही, कारण शाळेत मतदान केंद्र होते.

पण दोष एका गावाचा नाही. बाहेर गेलेल्याने गावाशी ठेवलेले नाते तरी कसे होते? ग्रामसभेला तो कधी आला नाही. गावची शाळा गळते की नाही, नळाला पाणी किती दिवसांनी येते, आरोग्य केंद्रात डॉक्टर थांबतो की नाही, याची त्याने चौकशी केली नाही. घरपट्टी थकली तर भावाने भरायची. संकट आल्यावर मात्र त्याला ते आरोग्य केंद्र सज्ज हवे होते आणि तो नळ वाहता हवा होता. हक्काचे घर आहे, हे त्याचे म्हणणे कायद्याने पूर्ण खरे होते. पण गाव कायद्यासोबत आठवणीवरही चालते, आणि गावाच्या आठवणीत तो पाहुणा म्हणूनच उरला होता.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. जिल्ह्याच्या ठिकाणी स्मशानभूमीत जागा अपुरी पडू लागली. या वेळी संसर्ग गावातल्या गावात पसरत होता, त्यामुळे बाहेरच्याला बोट दाखवायची सोय उरली नव्हती. वेशीवर बाभूळही फारशी कुठे पडली नाही. खाटेसाठी आणि प्राणवायूसाठी वणवण सुरू झाली, तेव्हा पुण्यातल्या त्याच मुलांचे दूरध्वनी कामी आले. कोणी इंजेक्शन मिळवले, कोणी रुग्णवाहिका पाठवली, कोणी पैसे जमवून आरोग्य केंद्राला यंत्र दिले.

या दोन वर्षांतून ग्रामपंचायतींनी निदान एक साधे काम उचलायला हरकत नव्हती. बाहेर राहणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद, त्याच्या गावातील घराची स्थिती, संकटात ते घर विलगीकरणासाठी वापरता येईल की नाही, आणि त्या माणसाकडून गावाची कोणती अपेक्षा आहे, हे एका वहीत लिहून ठेवायचे. वर्षातून एक ग्रामसभा वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी घ्यायची, म्हणजे आलेली माणसे एक रात्र अधिक राहतील. यासाठी शासन निर्णय लागत नाही की निधी लागत नाही. तलाठ्याकडे शेताचा सातबारा आहे, ग्रामसेवकाकडे घराचा नमुना आठ आहे. बंद घराच्या मालकाचा क्रमांक मात्र आजही शेजाऱ्याच्या भ्रमणध्वनीतच सापडतो, आणि तोही बहुधा जुना असतो.