सुई टोचली कोणाला, नोंद झाली कोणाची?

१ डिसेंबर आला की दवाखान्यांच्या भिंतींवर लाल फिती झळकतात. जपून वागा, एकनिष्ठ राहा, असा उपदेश कामगाराला केला जातो. जणू एच.आय.व्ही. हा केवळ चारित्र्याचा प्रश्न आहे! ट्रकचालकाला महिनोन्महिने घरापासून दूर ठेवणारी नोकरी या उपदेशात येत नाही. दवाखान्याचा कचरा उचलणारे आमचे बांधव-भगिनी तर कोणाच्या खिजगणतीतही नाहीत. आज आम्ही त्यांच्याविषयीच बोलणार आहोत.

वापरलेली सुई पांढऱ्या, आरपार टोचली न जाणाऱ्या डब्यात टाकावी, असे जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगतात. पण घाईगर्दीत ती साध्या पिशवीत पडते. टाकणारा पुढच्या रुग्णाकडे निघून जातो. पिशवी उचलणारा हात कोणत्या वस्तीतून येतो, हे सांगायला संशोधक कशाला हवा? कोणते खाते कोणाच्या वाट्याला हे कारखान्यातही जातच ठरवते, हे बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत दाखवून दिले होते. धोक्याची वाटणीही तशीच होते.

बाधित रक्ताची सुई टोचली तर हजारात सुमारे तिघांना लागण होते. भेदरून जाण्याइतका हा धोका मोठा नाही, पण झटकून टाकण्याइतका लहानही नाही. प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करून २८ दिवस घेतले तर तो खूपच कमी होतो. म्हणजे सारा प्रश्न घड्याळाचा आहे. कायम नोकरीतल्या परिचारिकेला निदान कोणाकडे जायचे हे ठाऊक असते. ठेक्यावरच्या बाईने कोणाला सांगायचे? मुकादम म्हणतो, 'धुऊन टाक, काही होत नाही.' दवाखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार दवाखान्याकडे. उद्या कामावर येऊ नको म्हणतील, या भीतीने ती बोट पदरात गुंडाळून गप्प बसते. घड्याळ मात्र थांबत नाही! हिपॅटायटिस बी तर याहून सहज पसरतो. त्याची लस आहे, आणि कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ती देणे त्याच नियमांनी बंधनकारक केले आहे. किती जणींना टोचली, हे एकदा विचारून पाहा.

कायदा नाही असे मुळीच नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध कायद्याचे कलम १९ बचावाची साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरचे औषध ही जबाबदारी आस्थापनेवर टाकते. ही तरतूद तेथे काम करणाऱ्या, धोक्याच्या कक्षेतील सर्व व्यक्तींसाठी आहे. 'कायम' आणि 'ठेका' हा भेद त्यात नाही. लागण झाली एवढ्याच कारणावरून, काम करण्यास सक्षम असलेल्या मजुराला काढता येत नाही, हे तर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच एका हंगामी कामगाराच्या खटल्यात सांगितले आहे.

आमच्या कामगार संघटना मागणीपत्रात पगारवाढ आणि बोनस लिहितात. लिहावेच. पण सुई टोचल्याची नोंद ठेवणारी वही प्रत्येक वॉर्डात असावी, तीत ठेक्यावरच्या कामगाराचे नाव लिहिले जावे आणि औषध रात्रपाळीतही मिळावे, ही मागणी पुढच्या मागणीपत्रात पहिल्या पानावर यायला हवी.