भिजून चालणे वेगळे, भिजून थांबणे वेगळे

जून उजाडला की शुक्रवार-शनिवारच्या रात्री पुण्या-मुंबईतून घाटाकडे निघणाऱ्या खासगी बसगाड्या वाढू लागतात. दादर, ठाणे, वाशी, शिवाजीनगर, चांदणी चौक अशा ठरलेल्या थांब्यांवर पाठीवर सॅक अडकवलेली मंडळी उभी असतात. त्यातल्या बहुतेकांची एकमेकांशी ओळख नसते. समाजमाध्यमावर पाहिलेले एक पोस्टर, मोबाइलवरून भरलेले पैसे आणि दोन दिवसांपूर्वी तयार झालेला व्हॉट्सअॅप गट, एवढाच त्यांना जोडणारा धागा. पहाटे पायथ्याच्या गावात चहा-पोहे, मग चढाई, दुपारी पिठले-भाकरी, रात्री उशिरा घर आणि सोमवारी सकाळी ऑफिस.

हा छंद वाईट नाही. आठवडाभर खुर्चीला खिळलेली पिढी डोंगरात जाते ही आरोग्याच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. पण दर पावसाळ्यात अपघातांच्या बातम्या येतात, मग जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात आणि चर्चा सेल्फी, हुल्लड, मद्यपान यांवर येऊन थांबते. हे दोष खरेच आहेत. मात्र शिस्तीत चालणारा, दारूला न शिवणारा, सेल्फीसाठी कड्यावर न जाणारा गटसुद्धा पावसाळ्यात अडचणीत येऊ शकतो. त्यामागे ओले शरीर, वारा आणि माणसांची संख्या यांचे साधे गणित आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून हरिश्चंद्रगडावर गेलेला सहा जणांचा गट धुक्यात आणि पावसात वाट चुकला. रात्र उघड्यावर काढावी लागली. त्यातील एकाचा गारठून मृत्यू झाला. महाराष्ट्रात, तेही ऑगस्टमध्ये, माणूस थंडीने दगावतो हे अनेकांना पटत नाही. थंडीने मरण येते ते हिमालयात, अशी आपली समजूत असते.

शरीराला तसे वाटत नाही. आपल्या आतल्या अवयवांचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ३५ च्या खाली गेले की वैद्यकशास्त्र त्याला अल्पताप अवस्था, म्हणजेच हायपोथर्मिया म्हणते. त्यासाठी बाहेर बर्फ पडायला हवा असे मुळीच नाही. जुलैत महाबळेश्वरचे दिवसाचे कमाल तापमान विसाच्या आसपास आणि रात्रीचे सतरा-अठराच्या आसपास असते. हरिश्चंद्रगड (१,४२४ मीटर) आणि कळसूबाई (१,६४६ मीटर) त्याहूनही उंच आहेत. कोरड्या कपड्यांत, वारा नसताना सतरा अंश सुखद वाटतात. पण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. अंगाला चिकटलेली ओली जीन्स आणि सुती टी-शर्ट, त्यावर कोकणातून कड्यावर चढून येणारा वारा, आणि पोटात सकाळचे पोहे. एवढ्या भांडवलावर सतरा अंशांत काही तास काढणे शरीराला जड जाते.

चालत असेपर्यंत हे कळत नाही. चढताना स्नायू इतकी उष्णता तयार करतात की पावसातही घाम येतो. गडबड होते ती थांबल्यावर. पावसाळी ट्रेकमध्ये माणसे चालताना कमी आणि थांबलेली असताना जास्त गारठतात. मोठ्या गटाची भानगड इथेच आहे, कारण मोठा गट म्हणजे मुख्यतः थांबणे.

एक सोपा हिशेब करू. चाळीस जणांचा गट आहे आणि वाटेत एकच अवघड टप्पा आहे, ओल्या कातळाचा, जिथे दोराच्या आधाराने एकेकालाच जाता येते. प्रत्येकाला तीन मिनिटे धरली तरी पूर्ण गट पार व्हायला दोन तास लागतात. उतरताना पुन्हा दोन तास. पहिला चढलेला वर वाऱ्यात कुडकुडत बसतो, शेवटचा खाली पावसात उभा राहतो. आठ जणांच्या गटाचे तेच काम पंचवीस मिनिटांत आटोपते. शिवाय रविवारी त्या वाटेवर एकच गट नसतो. २०२३ च्या जुलैत एका रविवारी लोहगडावर हजारो लोक अडकून पडल्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली असेल. पायऱ्यांच्या वाटेवर कित्येक तास कोणाला पुढेही जाता येत नव्हते आणि मागेही. लोहगड हा सोपा किल्ला, लहान मुलांना घेऊन जावे असा. तिथे अवघड काहीच नव्हते, फक्त गर्दी होती.

गारठण्याची पहिली लक्षणे साधी असतात. हुडहुडी भरते, बोटे वळत नाहीत, सॅकचा बंद लावता येत नाही. पुढे माणूस अडखळू लागतो, शब्द जड होतात, चिडचिड वाढते किंवा तो एकदम गप्प होतो. त्यानंतरची खूण फसवी असते: थरथर थांबते. सोबतच्यांना वाटते, बरे वाटू लागले. प्रत्यक्षात थरथरून उष्णता निर्माण करण्याची शरीराची ताकद संपत आलेली असते. घरच्यांबरोबर किंवा जुन्या मित्रांबरोबर असलो तर ‘हा आज असा का बोलतोय’ हे कोणाच्या तरी लक्षात येते. आदल्या रात्री बसमध्ये भेटलेल्या चाळीस अनोळखी माणसांत एक जण गप्प झाला तर तो स्वभावानेच अबोल असेल असे समजून सगळे पुढे जातात. गटाचा आकार वाढतो तशी प्रत्येकावरची नजर पातळ होत जाते. म्हणूनच जाणते आयोजक सुरुवातीलाच दोघा-दोघांच्या जोड्या लावतात आणि सर्वांत अनुभवी माणसाला शेवटी ठेवतात. पुढे चालणाऱ्याला शिट्टी मिळते, पण जबाबदारीचे काम शेवटच्याचे असते.

असा कोणी आढळला तर त्याला ‘चाल, चालले की गरम होईल’ म्हणून ओढू नये. वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावे, डोक्यासकट गुंडाळावे, खाली सॅक किंवा चटई द्यावी, कारण ओली जमीनही उष्णता शोषते. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर कोमट, गोड पेय द्यावे. हातपाय जोरात चोळू नयेत. दारू तर नाहीच. ती कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावते, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता आणखी वेगाने बाहेर जाते. यासाठी लागणारे सामान म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कपड्यांचा एक कोरडा जोड, कानटोपी आणि गुळाचा खडा किंवा चिक्की. डोंगरातले गुराखी भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन दिवसभर उभे राहतात, त्यात शास्त्र आहे: लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते, सुती कापड ती गमावते.

दुसरा धोका पाण्याचा. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढले, असे आपण म्हणतो. खाली उभे राहणाऱ्याला ते अचानक वाटते. वर डोंगरावर मात्र ते आधीच पडलेले असते. एक चौरस किलोमीटरच्या पठारावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ते पाच कोटी लिटर पाणी होते. जुलैत माती तुडुंब भरलेली आणि खाली काळा कातळ, त्यामुळे मुरायला फारशी जागा नसते. यातले निम्मे पाणी तासाभरात एका ओढ्यात उतरले तरी सेकंदाला सुमारे सात हजार लिटर होतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा जोर चौपट होतो. त्यामुळे सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून हसत ओलांडलेला ओढा दुपारी गुडघाभर दिसला, तर तो ‘थोडा वाढलाय’ असे समजणे चूक आहे.

इथेही संख्या आडवी येते. वीस जण पलीकडे, वीस अलीकडे आणि पाणी वाढते आहे, अशा वेळी थांबण्याचा निर्णय घेणे फार कठीण. पलीकडचे हाका मारतात, बस थांबलेली असते, सोमवार खुणावत असतो. ओढ्याचे पाणी पाऊस थांबल्यावर सहसा दोन-तीन तासांत उतरतेही. पण तेवढे थांबायचे तर कोरडे कपडे, खाणे आणि उजेड हवा, आणि सकाळी अकराला चढाई सुरू केलेल्या गटाकडे उजेड शिल्लक नसतो.

हवामानाचा अंदाज पाहून निघालो होतो, असे अनेक जण सांगतात. कुठला अंदाज, हा प्रश्न आहे. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत पुण्यात शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळात ताम्हिणीत ५५६. दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यातली. हवामान खाते आता पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक अशा जिल्ह्यांच्या घाट परिसरासाठी वेगळा इशारा देते. ट्रेकला जाणाऱ्याने पाहायचा तो ‘पुणे घाट’चा रंग, नुसत्या ‘पुणे’चा नाही. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा अधिक पावसाला हवामान खाते अत्यंत मुसळधार म्हणते. घाटात लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर बेत रद्द करावा. आणि पैसे परत न देणारा आयोजक त्या दिवशी निघायला उत्सुक असतो, हेही ध्यानात ठेवावे.

हृदयाचा मुद्दा थोडक्यात. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीसाठी रात्री डोंगर चढणाऱ्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बाराशेहून अधिक हृदयविकाराच्या रुग्णांची पाहणी होती. जोरकस श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याची जोखीम एरवीपेक्षा सुमारे सहापट वाढते, असे त्यात दिसले. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ अडीचपटीहून कमी होती. अजिबात सवय नसलेल्यांत ती शंभरपटीहून अधिक होती. मूळ धोका अगदी लहान असल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण चाळिशी ओलांडलेल्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या आणि एरवी जिनाही न चढणाऱ्या माणसाने रात्रभर बसमध्ये जागून पहाटे थेट तीन तासांची चढाई करू नये. आधी महिनाभर रोज पर्वती किंवा जवळची एखादी टेकडी चढावी.

आता सरकारी बाजू. मनाई आदेशांनी वाहत्या पाण्यात उतरणे, धबधब्याखाली बसणे यांना आळा बसतो, आणि भुशीसारख्या ठिकाणी ते आवश्यकच आहे. मात्र सरसकट बंदीने गर्दी नाहीशी होत नाही. ती शेजारच्या कमी माहितीच्या धबधब्याकडे सरकते, जिथे पोलीस नसतात आणि मोबाइलला रेंजही नसते. शिवाय पायथ्याच्या ठाकर-महादेव कोळी वस्त्यांना पावसाळ्यातले चार पैसे याच शनिवार-रविवारी मिळतात. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे, प्रशिक्षित नेते आणि विमा यांची अपेक्षा आहे. धोरण चांगले आहे. पण शनिवारी रात्री सुटणाऱ्या बसपर्यंत ते पोहोचलेले नाही. माझ्या मते दोनच गोष्टी आधी व्हाव्यात: पायथ्याशी, गावाच्या मदतीने, दिवसाला किती माणसे वर जातील याची मर्यादा, आणि अमुक वेळेनंतर चढाई नाही हा नियम. गटाच्या आकाराची मर्यादा त्यापाठोपाठ आपोआप येईल.

काही बिघडलेच तर मदत येते, पण वेळ घेऊन. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक आणि गावकरी हेच बहुतेक वेळा आधी पोहोचतात. एका जखमीला स्ट्रेचरवरून निसरड्या वाटेने खाली आणायला आळीपाळीने खांदा देणारे दहा-वीस जण लागतात, आणि तासाभराच्या उताराला चार-पाच तास जातात. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला विचारावे: गटात किती जण, शेवटी कोण चालणार, परतीची ठरलेली वेळ कोणती, आणि कोणत्या क्षणी तुम्ही शिखर सोडून मागे फिराल? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरा आयोजक शोधावा.

ट्रेक सुखरूप झाला तरी पुढचे दोन आठवडे एक गोष्ट लक्षात असू द्यावी. भातखाचरांतून, गुरांच्या वाटांवरच्या चिखलातून चालताना पायाला ओरखडे आले असतील, तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथून शिरू शकतात. हा ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिन्यानेही येतो. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, आणि पोटऱ्यांचे दुखणे ट्रेकचेच समजून अंगावर काढले जाते. अशा वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर, त्यांनी विचारले नाही तरी, गेल्या पंधरवड्यात कोणत्या डोंगरात आणि किती चिखलातून चाललो होतो ते आपणहून सांगावे.