कॉम्प्युटरचा माल पास करतो कोण?

आपल्या बाजारात हल्ली एक वाक्य सर्रास ऐकू येते, 'काय करू शेठ, कॉम्प्युटरच तसे दाखवतो.' बिल चुकले की दोष यंत्राचा, साठा जुळला नाही तरी दोष यंत्राचाच. बिचारे उलटून बोलत नाही! पण तागा खराब निघाला तर आपण मागाला शिव्या देत बसत नाही. हा माल पास कोणी केला, असे विचारतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत हा सवाल आपल्याला का सुचत नाही?

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. आलेले कापड टेबलावर पसरायचे, तार तुटली आहे का, तेलाचा डाग आहे का, ते पाहायचे आणि चांगला माल, सेकंड आणि चिंधी वेगळी काढायची. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. वडील पुन्हा त्या टेबलापाशी गेले नाहीत. मी तेव्हा म्युनिसिपालिटीच्या उर्दू शाळेत होतो. पुढे मंगलदास मार्केटमध्ये पोऱ्या म्हणून लागलो, आज तिथेच लहानसा गाळा आहे.

माझी भाची लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या कचेरीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते. तिला टेस्टर म्हणतात. खानदानात बरेच जण समजतात की, प्रोग्राम लिहिता येत नाही म्हणून पोरीला तपासायला बसवले. खोटे कशाला सांगू, मीही तसेच समजत होतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांचे जीएसटीचे दर बदलले. पूर्वी नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के होते. आता २५०० पर्यंत ५ आणि त्यापुढे १८. मी निर्धास्त होतो, सॉफ्टवेअरवाल्याने 'सगळे अपडेट केले' असे कळवले होते. संध्याकाळी भाची घरी आली, म्हणाली, 'मामू, बरोबर २५०० चे बिल करून पाहिलेत? मग २५०१ चे?' दोन्ही बरोबर आले. मग तिने २७०० चा कुर्ता घेतला आणि १० टक्के सूट टाकली. किंमत उतरली २४३० वर, म्हणजे कर ५ टक्के, १२१ रुपये ५० पैसे. मशीनने लावला १८ टक्के, ४३७ रुपये ४० पैसे! सूट वजा करण्याआधीच त्याने दर ठरवला होता. सकाळपासून अशी किती बिले गेली, हे मोजायला मला रात्रीचे अकरा वाजले.

तिचे काम मला त्या दिवशी समजले. मधला माल सहसा चांगलाच असतो, नुक्स असतो तो काठावर, हे वडीलही सांगत. टेस्टर काठावर जाऊन उभा राहतो. जुन्या दराने विकलेला कपडा नवा दर लागल्यावर परत आला तर? ते पैसे जुन्याच दराने वजा व्हायला हवेत. एकाच बिलात एक नग २४०० चा, दुसरा २६०० चा असेल तर? असे शेकडो 'तर' ती लिहून काढते आणि एकेक करून पाहते.

आता तिचे दुखणे ऐका. तारीख ठरलेली असते, गिऱ्हाईक थांबायला तयार नसते. ती दोष लिहून देते, वरून उत्तर येते, 'पुढच्या वेळी बघू, आता पास कर.' एकदा तिने लिहून दिलेला दोष तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाकडे उघडा पडला आणि रात्री दोनला फोन आला, 'तू पाहिले नाहीस का?' पूर्वी काही गिरण्यांत खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याच्या मजुरीतून पैसे कापत. इथे तर तपासणाऱ्याच्या गळ्यात मारतात.

घाईची किंमत मुंबईने पाहिली आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका एकदम कॉम्प्युटरवर तपासायला घेतल्या. व्यवस्था ते ओझे पेलू शकली नाही, निकाल महिनोन् महिने रखडले, परदेशी प्रवेश घेतलेली मुले अडकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवले गेले. आधी एखाद्या लहान परीक्षेवर आजमावून पाहायला काय हरकत होती?

माझे व्यापारी बांधवांना सांगणे आहे की, 'पास कर' म्हणणाऱ्यांत आपणही असतो. सॉफ्टवेअर आजच्या आज हवे, तेही स्वस्तात, असा तगादा आपणच लावतो. नमुना पाहिल्याशिवाय आपण एक गाठ उचलत नाही, मग महिनाभर जुनी वही आणि नवे मशीन शेजारी शेजारी चालवायला काय होते?

काही जण म्हणतात, आता तपासणीही मशीनच करील. करतेच, भाची सांगते की, रात्रीतून हजारो चाचण्या आपोआप चालतात. पण चांदरातीला गिऱ्हाईक दोन ड्रेस बदलून घेते, तिसऱ्यावर सूट मागते, अर्धे पैसे रोख आणि अर्धे मोबाइलवरून देते, ही चाचणी मशीनला आधी कोणीतरी सांगावी लागते. दुकानात वाढलेल्या मुलामुलींना ती लहानपणापासून ठाऊक असते. मुलगी टेस्टर झाली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मी भाचीच्या मदतीने आमच्या गाळ्यावरची वीस अडचणीची बिले लिहून सॉफ्टवेअरवाल्याला दिली आहेत. एकोणीस सुधारली. परत आलेल्या मालाचे बिल अजून चुकते, ते मी हाताने करतो आणि उरलेले पैसे रोखून धरले आहेत.