प्रीतीच्या कादंबरीवर काट कशासाठी?

एका देवस्थानाच्या वाचनालयासाठी पुस्तके निवडण्याच्या बैठकीस आम्ही नुकतेच हजर होतो. यादीत चालू काळातील पाचसात प्रेमकथात्मक कादंबऱ्या होत्या. एका वयोवृद्ध गृहस्थांनी त्यांवर सरसकट काट मारली. ‘देवाच्या दारी असले चाळे नकोत,’ हा त्यांचा निकाल. आणि त्यांतील एकही कादंबरी आपण वाचलेली नाही, हेही त्यांनी अभिमानाने सांगितले. पुरावा न पाहता दिलेला निकाल वकिलास मानवत नाही. म्हणून हे अपील.

देवाच्या दारचा आपला व्यवहार तरी काय सांगतो? भागवताच्या दशमस्कंधातील रुक्मिणी, भावाने शिशुपाल ठरविला असता, मनाने वरलेल्या श्रीकृष्णास ब्राह्मणाहाती पत्र धाडते. नाथांनी हे आख्यान ओवीबद्ध केले आणि उपवर मुलीच्या हाती ते घरातील वडील मंडळीच देत आली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ 1882 सालचे. बलरामाने दुर्योधनाशी योजिलेला विवाह मोडून सुभद्रा अर्जुनास मिळावी, म्हणून तेथे प्रत्यक्ष श्रीकृष्ण मसलती करतो. आणि जत्रेच्या मांडवात बसून आपण त्यास टाळ्या देतो. तेव्हा आक्षेप प्रीतीला नाही. नव्या कादंबरीतील मुलगी द्वारकेची नसून शेजारच्या घरातील आहे, बँकेत नोकरीस जाते, एवढाच तिचा अपराध. रुक्मिणीचा हक्क उद्या आपल्या घरात कोणी मागितला तर काय, ही खरी भीती आहे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. या कादंबऱ्यांतील पात्रे गोड, आवडण्याजोगी, म्हणून खोटी! जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ 1813 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तीही चालू काळाचीच प्रेमकथा होती. तिच्यातील एलिझाबेथ व डार्सी दोनशे वर्षे वाचकांस प्रिय आहेत, ते निर्दोष म्हणून काय? पित्यामागे ज्याच्याकडे मिळकत जाणार, त्या कॉलिन्सला एलिझाबेथ नकार देते, हे तिचे धैर्य. परंतु विकॅमच्या गोड बोलण्यास भुलून ती डार्सीस दोषी ठरविते, ही तिची चूक. डार्सीचे पत्र पुनःपुन्हा वाचताना तिला स्वतःचीच लाज वाटू लागते, आणि तिच्याबरोबर आपणही ओशाळतो. नावडत्या पात्राची चूक पाहून वाचक स्वतःस शहाणा समजतो. आवडत्याची चूक त्यास आपलीच वाटते. हा लाभ लहान आहे काय?

भिकार प्रेमकथा पुष्कळ निघतात, हे आम्हांस मान्य आहे. भिकार कीर्तनेही होतात. म्हणून कोणी कीर्तन बंद केल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या टेबलावर विवाह मोडण्याचे अर्ज येतात. त्यांत आवडण्याजोगे पात्र एकच, ते म्हणजे अर्जदार. सामनेवाला सर्व दुर्गुणांचा पुतळा. हे कागद आम्हीच लिहितो, म्हणून त्यांतील खोट आम्हांस ठाऊक आहे. असा दिवस सरल्यावर रात्री एखादी कादंबरी उघडावी. तीत दोन साधी, भली माणसे गैरसमज करून घेतात, रुसतात, आणि अखेर त्यांतील एक ‘माझे चुकले’ म्हणते. शेवट आधीच कळलेला असूनही आम्ही मध्यरात्रीपर्यंत वाचीत बसतो आणि आनंदित होतो, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

तेव्हा आमची मागणी एवढीच, की ती पुस्तके वाचनालयात यावीत आणि त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांतील एक तरी प्रथम घरी न्यावे. वाचून झाल्यावर त्यांनी खुशाल काट मारावी. आम्ही त्यांचे म्हणणे आदराने ऐकू. परंतु एखादे दिवशी त्यांची नात मनातले काही सांगावयास त्यांच्यापाशी येईल. तेव्हा तिचे म्हणणे घरातच शांतपणे ऐकून घेतले गेले, तर तिचे कागद आमच्या टेबलावर येण्याचा संभव पुष्कळ कमी होईल. यात आमच्या धंद्याचे नुकसान असले, तरी ते आम्हांस आनंदाने मान्य आहे.