खेळण्यातलं पिस्तूल, बाबांची स्कूटर आणि एक सील

पिस्तुलाचा फोटो मुद्दाम टाकलेला नाही, नाहीतर पहिली कमेंट आईची येईल. खेळण्यातलं आहे ते. एअरसॉफ्ट म्हणतात या प्रकाराला, ६ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी गॅसच्या दाबाने उडते. मी सहा वर्षं टोकियोत आहे. ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने महिन्यातून एखादा रविवार चिबाच्या झाडीतल्या मैदानावर हा खेळ खेळण्यात जातो. बंदुकीसारखी दिसणारी वस्तूच नको, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला बारा वर्षांच्या टॅमिर राइसच्या हातात असलंच खेळणं होतं आणि पोलिसाने त्याला गोळी घातली. तो विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आज मला दुरुस्तीबद्दल बोलायचंय.

माझ्याकडे टोकियो मारुईचं 'हाय-कापा' आहे, गॅस ब्लोबॅक प्रकारातलं. म्हणजे प्रत्येक गोळीबरोबर वरची स्लाइड खऱ्यासारखी मागे जाऊन पुढे येते. मॅगझिनमध्ये द्रवरूप गॅस असतो. आपल्या गाड्यांच्या एसीत वर्षानुवर्षं जो वापरला गेला तोच, १३४ए. चाप ओढला की हातोडी मॅगझिनच्या झडपेवर आपटते, गॅस आधी गोळीला ढकलतो आणि उरलेला स्लाइडला मागे फेकतो. ऐकायला सोपं वाटतं, पण हे सगळं रबराच्या चार-पाच चकत्यांवर आणि हवामानावर अवलंबून आहे. २० अंशाला या गॅसचा दाब साधारण ५.७ बार असतो, शून्य अंशाला २.९, म्हणजे निम्माच. भराभर गोळ्या झाडल्या तर द्रवाची वाफ होताना मॅगझिन स्वतःच गार पडतं, स्लाइड अर्धवट मागे जाऊन अडकते. जानेवारीत इथले लोक मॅगझिन खिशात गरम पुड्यांबरोबर ठेवतात, आपण थंडीत लोण्याचा गोळा चुलीजवळ ठेवतो तसं. (मॅगझिन मात्र चुलीजवळ नेऊ नये, फुटेल.)

थोडक्यात, 'भरवशाचं' म्हणावं असं हे यंत्र नाही. मॅगझिन गळतं, नोझलची बारकी स्प्रिंग तुटते, घाईत कोणीतरी सिलिकॉनऐवजी साधं मशीनचं तेल घालतं आणि रबर फुगून बसतं. तरी माझं पिस्तूल सहा वर्षं चालतंय. का? तर बरोबर आलेल्या पुस्तिकेत प्रत्येक सुट्या भागाची आकृती आहे, खाली क्रमांक आहे. मागच्या महिन्यात मॅगझिन गळायला लागलं. कानाशी धरलं तर बारीक फुसफुस. पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे खालच्या बाजूने दिसले. क्रमांक सांगून दुकानातून रबर आणलं, कॅनमधल्या कॉफीपेक्षा थोडं महाग पडलं. घरी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून वीस मिनिटांत काम झालं. दुकानदाराने एवढंच सांगितलं, "मॅगझिन पूर्ण रिकामं ठेवू नका, थोडा गॅस राहू द्या, म्हणजे रबर दबून राहतं."

आता खरी गोष्ट. ही वस्तू उघडू देणं धोक्याचं आहे, असं म्हणायला जपानकडे भरपूर कारण होतं. वीसेक वर्षांपूर्वी ताकद वाढवलेल्या अशा बंदुकांनी लोकांवर, गाड्यांवर गोळ्या मारायचे प्रकार झाले होते. यावर २००६ मध्ये कायदा बदलला. पण तो कसा बदलला ते बघा. 'कोणीही स्क्रू उघडू नये' असं म्हटलं नाही. ६ मिलिमीटरच्या गोळीची नळीतून बाहेर पडतानाची ऊर्जा ०.९८९ जूलच्या आत पाहिजे, असं ठरवलं. ०.२ ग्रॅमची गोळी धरली तर सेकंदाला सुमारे ९९ मीटर. त्याच्या वर गेलात तर ती वस्तू नुसती बाळगणंही गुन्हा. मैदानावर गेलं की आधी वेगमापकासमोर गोळ्या झाडून दाखवायच्या, आकडा जास्त आला तर त्या दिवशी खेळ नाही. आतलं रबर तुम्ही बदललंत, दुकानदाराने बदललं की कंपनीने, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. आकडा बघायचा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सांगलीतली बाबांची इलेक्ट्रिक स्कूटर. तीन आठवडे उभी आहे. बॅटरी ठीक, मोटर ठीक. साइड स्टँडचा सेन्सर गेलाय. स्टँड खाली आहे असं गाडीला वाटतं, म्हणून ती हलत नाही. सेन्सर असणं बरोबरच आहे, स्टँड खाली ठेवून लोक पडलेत. पण तो एकटा मिळत नाही, अख्खी वायरिंग घ्यावी लागेल म्हणे, आणि ती 'वरून' यायची आहे. गल्लीतल्या फिटरने बघून सांगितलं, "काका, वायर हाय ती, मी आत्ता जोडून देतो. पण कंपनीच्या लॅपटॉपबिगर एरर जाणार न्हाई." सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, सेफ्टीचा पार्ट आहे, बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली. बाबा ७१ वर्षांचे. आईला फिजिओथेरपीला नेणं-आणणं त्या स्कूटरवर. सध्या रिक्षाने जातात आणि मला फोनवर "काही नाही रे, चाललंय" म्हणतात.

माझा राग 'सेफ्टी' या शब्दावर आहे. खेळण्यातल्या पिस्तुलाचं सुटं रबर मला मिळतं आणि स्कूटरच्या स्टँडचा सेन्सर मिळत नाही, यात सुरक्षेचा संबंध कुठे आला? सुरक्षा हवी असेल तर निकाल तपासा. दुरुस्तीनंतर स्टँड खाली असताना मोटर बंद राहते का? दोन मिनिटांची चाचणी आहे. ती पास झाली की फिटर गल्लीतला असो नाहीतर कंपनीचा. बॅटरी पॅक उघडणं वेगळं, तिथे आग लागू शकते, ते प्रशिक्षित माणसानेच करावं हे मला पूर्ण मान्य. पण बॅटरीची भीती दाखवून स्टँड, ब्रेकचा स्विच, डिस्प्ले सगळंच कुलपात ठेवायचं, हा धंदा झाला.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. हेतू चांगला आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने माहिती टाकली तर टाकली. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं, विकत घेण्याआधीच कळतं. मला तर गुणही नकोत. सुट्या भागांची आकृती, क्रमांक, किंमत, आणि एरर काढायची सोय फिटरलाही, एवढं सक्तीचं करा. ट्रॅक्टरवाल्यांना, मिक्सरवाल्यांनाही हेच लागतंय.

"जपानचं कौतुक पुरे" म्हणणाऱ्यांसाठी: इथेही आयफोन स्वतः उघडायला गेलात तर बोंबच आहे. आणि हे पिस्तूल मी भारतात आणणार नाहीये, कस्टमवाल्यांशी चर्चा करायची हौस नाही.

काल पुन्हा सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पार्ट पुण्यात आलाय म्हणाले, शुक्रवारी कळवतो. गेल्या शुक्रवारीही पुण्यातच होता. कोणाच्या स्कूटरचं असं झालं असेल आणि सुटा सेन्सर कुठे मिळाला असेल, तर कमेंटमध्ये सांगा. बाबांना शनिवारी आईला घेऊन जायचंय.